मडगार्डवरचा चिखल

सप्टेंबरात ग्रीसच्या क्रीट बेटावर चिखल नसतो. मे महिन्यानंतर तिथं पाऊस जवळपास पडतच नाही, आणि ऑलिव्हच्या बागांमधले कच्चे रस्ते पिठासारखे भुरभुरीत होऊन बसतात. एवढी साधी गोष्ट सकाळी नऊ वाजता आमच्या डोक्यात आली असती, तर चारशे युरो वाचले असते. चारशे युरो म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर.

आम्ही चौघं होतो. मी, दादा, वहिनी आणि बारावीतला पुतण्या. दादाचं कराडला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. हे मुद्दाम सांगतोय. त्याचं गॅरेज पुढं कामाला आलं, आणि घरचाच मेकॅनिक सोबत असून आम्ही फसलो हेही त्यात आलंच.

मुक्काम हर्सोनिसोसला होता. हेराक्लिओनपासून पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवरचं हे समुद्रकाठचं गाव म्हणजे सगळी हॉटेलं, टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या खानावळी, आणि दर पन्नास पावलांवर सहलींची टपरी. तिथं क्वाड बाइकच्या सफारीचे मोठे फलक दिसतात. चार जाडजूड चाकांची ही गाडी. ग्रीक लोक तिला 'गुरूना' म्हणतात, म्हणजे डुकरीण, आणि तिचं गुरगुरणं ऐकलं की नाव पटतं. पुतण्याला पहिल्या दिवसापासून तीच हवी होती.

टपरीवरचा माणूस फार गोड. "इंडिया? वेलकम!" असं म्हणत त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. नकाशावर बोट फिरवत लासिथीचं पठार दाखवलं. चहूबाजूंनी दिक्ती पर्वत, साडेआठशे मीटरच्या आसपास उंची, एकेकाळी पांढऱ्या शिडांच्या हजारो पवनचक्क्या विहिरींतून पाणी उपसायच्या ते पठार. शिवाय झ्यूसचा जन्म झाला म्हणतात ती गुहा. गाइड सोबत, हेल्मेट सोबत, हॉटेलवरून नेणं-आणणं, आणि 'फुल इन्शुरन्स'. एका क्वाडवर दोघं, क्वाडचे एकशे दहा युरो. दोन क्वाडचे दोनशेवीस.

बोलता बोलता त्यानं विचारलं, कधीपर्यंत आहात? आम्ही सांगून टाकलं की परवा सकाळच्या बोटीनं सँटोरिनी बेटावर निघतोय. मला तेव्हा ती आपुलकी वाटली. आता वाटतं, आमच्या हातात किती वेळ आहे हे त्यानं त्या एका प्रश्नात मोजून घेतलं. त्यानं सफारी 'उद्या'चीच दिली.

लायसन्सचा विषय मीच काढला. माझ्याकडे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट होतं. आरटीओत हजार रुपये भरले की मिळतं आणि वर्षभर चालतं. दादानं कंटाळा केला होता. ग्रीसमध्ये भारतीय लायसन्सवर गाडी चालवायची तर हे परमिट लागतंच, हे मला माहीत होतं. टपरीवाला म्हणाला, "नो प्रॉब्लेम, गायडेड टूर आहे." आणि मी मान डोलावली. ही चूक सर्वस्वी आमची, ती कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅननं गावाबाहेरच्या एका आवारात नेलं. आठ क्वाड ओळीनं उभ्या, इंजिनं चालूच, गाइड घड्याळ बघतोय. कागद व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून सह्या घेतल्या. वर ग्रीक, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात इंग्रजी. एका क्वाडसाठी माझ्या कार्डावर पाचशे युरो अडकवून ठेवले, दुसऱ्या क्वाडसाठी दादाचा पासपोर्ट मागितला. वहिनी तेव्हाच म्हणाल्या, "अहो, पासपोर्ट कशाला देताय? झेरॉक्स द्या की." गाइड हसून म्हणाला, सगळे देतात. आणि खरंच, पुढच्या जोडप्यानं दिला होता. आम्हीही दिला. पासपोर्ट आपला नसतोच, तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं लिहिलंय. त्या क्षणी ते आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

पुतण्या तेवढ्यात रील काढत गाड्यांभोवती फिरत होता. ते लक्षात ठेवा.

क्वाड चालवणं हे वेगळंच प्रकरण आहे. हँडल बाइकचं, पण ॲक्सिलरेटर पिळायचा नाही, उजव्या अंगठ्यानं दाबायचा. बाइकवाल्याला वळणावर आत झुकायची सवय, आणि ही बया झुकतच नाही, सरळ पुढं जाऊ बघते. त्यात रस्त्याची उजवी बाजू. पहिली पंधरा मिनिटं माझे खांदे दगडासारखे झाले होते. दादा मात्र मजेत. मागं वहिनी दोन्ही हातांनी दांडी धरून, डोळे मिटून.

लासिथी काही आलंच नाही. अर्धा तास ऑलिव्हच्या बागांमधून धूळ उडवली, एका कोरड्या ओढ्यात उतरवलं, पुन्हा वर काढलं, आणि गाइडनं गाड्या एका दुकानासमोर लावल्या. ऑलिव्ह तेल, थाइमचा मध, साबण, लाकडी चमचे. तिथं एक तास आणि दहा मिनिटं! पठाराचं विचारलं तर म्हणाला, आज वर वारा आहे. खाली झाडाचं पान हलत नव्हतं.

दुकानात राकी दिली, फुकट. क्रीटचे लोक तिला त्सिकुदिया म्हणतात, द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यापासून काढलेली दारू. चालवणाऱ्यांनाच आधी दिली, गाइडनं स्वतःच्या हातानं. दादा माळकरी, त्यानं हात जोडले. मी एक छोटा पेला घेतला, खोटं कशाला बोलू.

परत आलो तेव्हा सकाळचा गाइड गाडी लावून नाहीसा झाला आणि दुसराच माणूस टॉर्च घेऊन आला. माझ्या क्वाडकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ दादाच्या गाडीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि डाव्या पुढच्या चाकामागं टॉर्च मारला. मडगार्डला चीर, वीतभर. आत स्टिअरिंगचा टाय रॉड, म्हणजे हँडलाबरोबर चाक वळवणारी दांडी, वाकलेला. चाक थोडं बाहेर फाकलेलं. "क्रॅश," तो म्हणाला. आठशेपन्नास युरो.

आम्ही पडलो नव्हतो, कुठं धडकलोही नव्हतो. "पण फुल इन्शुरन्स आहे ना?" मी विचारलं. तेव्हा त्यानं सकाळचा कागद आणला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचून दाखवला. विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा, या गाडीचा नाही. त्यातही वाहन कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा नाही. चालकाकडे वैध परमिट नसल्यास विमा नाही. चालकानं मद्य घेतलं असल्यास विमा नाही.

मी ती वाक्यं दोनदा वाचली. तुम्ही आम्हाला विकलं काय, तर कच्च्या रस्त्यावरची सफर. घेऊन कोण गेलं? तुमचा गाइड. परमिट नको कोण म्हणालं? तुमचा माणूस. दारू कुणी ओतली? त्याच गाइडनं. म्हणजे विमा ज्या ज्या गोष्टींनी रद्द होतो, त्या सगळ्या त्यांनीच आमच्याकडून करून घ्यायच्या, त्याचे आगाऊ पैसे घ्यायचे, आणि संध्याकाळी तोच कागद आमच्या छातीवर ठेवायचा. एवढ्या सरळ फसवणुकीला फार हुशारी लागत नाही, फक्त छापखाना लागतो.

दादा तोवर बोललाच नव्हता. तो गाडीपाशी जाऊन खाली बसला, जसा गॅरेजात बसतो तसा, एक गुडघा टेकून. टाय रॉडच्या वाकलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि अंगठा वर करून मला दाखवला. तांबूस. गंज. "आजचं नाही रे हे," तो म्हणाला. "ताजं वाकलं तर रंगाचे पोपडे उडतात, आतलं लोखंड चमकतं. याला गंज चढलाय." मग त्यानं मडगार्डवरचा सुकलेला चिखल नखानं खरवडला. खाली चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडलेली आणि त्यातून ओवलेले काळे प्लास्टिकचे टाय, वायरी बांधायच्या पट्ट्या असतात ते. गोधडी शिवावी तशी चीर शिवलेली होती. मधले दोन टाय तुटले होते, बाकीचे शाबूत.

तिथं एक पोरगा हवा भरत उभा होता, त्यांचाच मेकॅनिक असावा. दादानं मराठीतच त्याला विचारलं, "कितव्यांदा विकताय हा टाय रॉड?" त्याला काय कळणार? पण त्यानं दादाचा तांबडा अंगठा पाहिला, आणि मान खाली घालून एअरची नळी गुंडाळायला लागला. गॅरेजवाल्याला गॅरेजवाल्याचं कळतं.

मी पोलिसांचं नाव काढलं. टॉर्चवाला म्हणाला, जरूर बोलवा, आधी यांचं परमिट बघतील. आणि पासपोर्ट? तो ऑफिसात आहे, ऑफिस आता बंद, उद्या दहाला उघडेल. आमची बोट त्याच्या आधी. आम्हाला खिंडीत गाठलं होतं आणि ते दोन्ही बाजूंना माहीत होतं.

तासभर हुज्जत घालून आकडा चारशेवर आला. गंमत म्हणजे पैसे ठरताच बंद ऑफिसातला पासपोर्ट दोन मिनिटांत व्हॅनच्या डॅशबोर्डमधून निघाला. कार्ड मशीनवर 'युरो की रुपये' असा पर्याय आला, तर त्यानं माझ्या आधी बोट पुढं करून रुपये दाबले. भारतीय कार्ड असेल तर परदेशात नेहमी त्या देशाच्याच चलनात पैसे द्या. रुपये निवडले की मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि तो कायम आपल्या तोट्याचा असतो. हातात मिळाली ती फक्त मशीनची चिठ्ठी.

त्या रात्री टॅव्हर्नात जेवताना मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर एक ओळ दिसली, ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत. रीतसर पावती मिळाली नाही तर ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही. ग्रीसमध्ये ही सूचना जवळपास प्रत्येक दुकानात, हॉटेलात लावलेली असते. आठवडाभर आम्ही ती रोज पाहत होतो. पावतीला तिथं 'अपोदिक्सी' म्हणतात. हा एक शब्द त्या आवारात मोठ्यानं उच्चारला असता तर निदान आकडा आणखी घसरला असता असं मला वाटतं. टुरिस्ट पोलिसांचा १५७१ हा नंबरही मला नंतर कळला. परमिट असतं तर तोही फिरवला असता.

पुतण्यानं जेवता जेवता सकाळचं रील काढून दाखवलं. आठ क्वाड, सगळ्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या, आणि दादाच्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर, बरोबर तेवढ्याच जागी, चिखलाचा एक गोळा. बाकी कुठं शिंतोडाही नाही. पावसाशिवाय एका गाडीच्या एकाच मडगार्डवर चिखल कुठून येतो? कुणीतरी बादलीत माती कालवली असेल, दुसरं काय. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं असं सारवतात, पण भिंत."

आता कुणी जाणार असेल तर माझं ऐका. क्वाड घ्यायचीच तर सह्या करण्याआधी व्हिडिओ काढा, आणि नुसता वरवर फिरवू नका. मोबाइल चाकांच्या आत, मडगार्डच्या खाली, खालच्या पत्र्यापर्यंत न्या. चिखल असेल तर तो पुसायला लावा. 'फुल इन्शुरन्स' या शब्दांना काही अर्थ नाही, आजच्या रस्त्यावर या गाडीला विमा आहे का तेवढं विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. हो म्हणाले तर कच्च्या रस्त्याचं कलम त्यांच्याच हातानं खोडून सही घ्या. कागदाची प्रत मागा. आम्हाला ती दिली नव्हती, हुज्जत चालू असताना मी त्या पानाचा फोटो मारला म्हणून निदान मजकूर हाती आला. पासपोर्ट द्यायचा नाही, मग सफारी गेली तरी चालेल. आणि कधी निघणार हे कुणालाही सांगू नका. आणखी चार दिवस आहोत म्हणा.

पुण्याला आल्यावर बँकेकडे तक्रार केली. रील, पानाचा फोटो, दादाच्या तांबड्या अंगठ्याचा फोटो, सगळं पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की करारावर सही आहे आणि व्यवहार कार्डधारकाच्या संमतीनं झाला आहे. अडकवलेले पाचशे मात्र तीन आठवड्यांनी सुटले.

सँटोरिनीत फिरा गावात उतरलो तर तिथंही कोपऱ्याकोपऱ्यावर क्वाड उभ्या. पोरगा ओरडतोय, "फुल इन्शुरन्स, फुल इन्शुरन्स!" दादा काही न बोलता पहिल्याच गाडीपाशी गेला, एक गुडघा टेकून बसला आणि मडगार्डखाली हात घातला. आतून दुकानदार धावत आला, "नो टच, सर, नो टच!" दादा उठला, हात पँटला पुसले आणि विचारलं, "बसचा थांबा कुठंय?"