मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जायचं की दुबईमार्गे?

एका मैत्रिणीचे आईबाबा पहिल्यांदाच लेकीकडे न्यू जर्सीला निघालेत आणि तिकिटावरून घरात दोन तट पडलेत.

आधी अंतर. मुंबई-न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किमी. दुबईमार्गे १,९०० अधिक ११,०००, म्हणजे १२,९००. फरक जेमतेम ४०० किमीचा! दुबई जवळपास वाटेवरच आहे.

वेळ जातो तो थांब्यात. थेट विमान जाताना सोळा तासांच्या आसपास घेतं. दुबईमार्गे तीन आणि चौदा तासांची दोन उड्डाणं, वर मधला थांबा, म्हणजे वीस तास सहज. येताना वारा पाठीशी असल्याने दोन्हीकडे वेळ वाचतो. मात्र एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर भारतीय कंपन्यांना वळसे पडू लागले, त्यामुळे तिकिटावरची वेळच खरी धरा.

दगदग हा खरा मुद्दा. सोळा तास बसून पाय सुजतात. दुबईत ते मोकळे होतात. पण तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबलचक चाल आणि गेट शोधणं आलं. बॅगा एकाच तिकिटावर परस्पर पुढे जातात. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसली तरी घेऊ नका; पुढचं विमान चुकलं तर भुर्दंड आपल्यालाच.

इंग्रजीची धास्ती असलेल्या, पहिल्यांदा जाणाऱ्या आईबाबांना थेटच बसवा, व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा. गुडघे आखडणाऱ्यांना किंवा पैसे वाचत असतील तर सरावलेल्यांना दुबई बरी, थांबा तीनेक तासांचा ठेवून.