पन्नासचा फॅन घेतला, हातात पडला पस्तीसचा

आमच्या रंग सुकवायच्या ओव्हनला एक्झॉस्ट फॅन घ्यायचा होता. चौकशीपत्रात मी साफ लिहिलं होतं: हवा 150 अंशांची, आणि त्याच तापमानाला 50 मिलिमीटर वॉटर गेज (नळीतलं पाणी 50 मिलिमीटर उचलेल एवढा) दाब हवा. कोटेशनमध्ये आकडा 50चाच आला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'स्टँडर्ड एअर', म्हणजे साधारण 20 अंशांची गार हवा, असं होतं. वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही.

चाचणी त्यांच्याच शेडमध्ये झाली, गार हवेवर. मॅनोमीटरच्या नळीत पाणी 50वर टेकलं आणि मी सही ठोकली.

ओव्हन तापला तशा दाराच्या फटीतून थिनरच्या वाफा बाहेर यायला लागल्या. असल्या वाफा ओव्हनमध्ये साचणं म्हणजे आगीशी खेळ, त्यामुळे त्या दिवशी काम बंद. विक्रेता आला आणि अँमीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा साहेब, 13 अँपिअरवरून 10वर आलाय. वीज वाचवतोय फॅन!" तो बचत दाखवत होता, ती खरं तर पातळ झालेली हवा होती.

हे मला समजावलं एका जुन्या फिटरकाकांनी. हवा 20 अंशांना घनमीटरला 1.2 किलो भरते, 150 अंशांना जेमतेम 0.83. तेवढ्याच फेऱ्यांना फॅन घनमीटर तेवढेच ढकलू शकतो, पण त्याचा दाब आणि त्याला लागणारी पॉवर घनतेच्या प्रमाणात उतरते. म्हणजे 50चे झाले 35. गरम हवेत 50 हवे असतील तर कॅटलॉगमधून 72चा फॅन निवडायला हवा होता. जो माणूस रोज फॅन विकतो त्याला हे ठाऊक नसेल? माझा नाही विश्वास बसत.

जाब विचारला तर "डक्ट तुमची चुकीची, आणि सही तुमचीच." मग म्हणाला, पुली बदलून फेरे 20 टक्के वाढवू, पैसे वेगळे. आम्ही अडलेले होतो, दिले. फेरे 1.2 पट केले की दाब 1.44 पट होतो, म्हणजे 50 गाठले खरे. पण पॉवर जाते 1.73 पटीवर. गरम हवेत ते कसंबसं निभतं. सकाळी गार, जड हवेत मात्र मोटर रोज ट्रिप. त्यावर त्याचा उपाय तयारच होता: मोठी मोटर, तीही त्याच्याकडूनच.

तेव्हा कुठे मी थांबलो. काकांनी इनलेटचा डॅम्पर (हवा आत येते त्या तोंडावरची झडप) जवळपास बंद ठेवून फॅन सुरू करायला आणि ओव्हन तापेल तसा तो उघडायला लावलं. आमचा फॅन सेंट्रिफ्युगल (हवा मधून घेऊन कडेला फेकणारा), त्यात हवा कमी सोडली की भार कमी होतो, म्हणून हे चाललं; अॅक्शियल (हवा सरळ पुढे ढकलणाऱ्या) फॅनवर हा प्रयोग करू नका, त्याचा भार उलट वाढू शकतो.

आता ऑर्डरवरच लिहितो: कामाच्या तापमानाची घनता, त्याच घनतेला दाब, आणि मोटर गार हवेत सुरू होईल अशी. पुढच्या फॅनच्या वेळी त्याच विक्रेत्याला ही ओळ पाठवली. कोटेशन अजून आलेलं नाही.