क्रुसेडर किंग्ज ३: लढाईपेक्षा सोयरीक जड

पॅराडॉक्स कंपनीचा हा कॉम्प्युटर गेम २०२० मध्ये आला. युद्धाचा खेळ समजून विकत घेतला तर निराशा होईल, कारण लढाया जेमतेम आहेत. खरा खेळ लग्न ठरवण्याच्या खिडकीत आहे. ८६७, १०६६ किंवा ११७८ मध्ये एक घराणं निवडायचं (राष्ट्रकूट आणि कल्याणीचे चालुक्यही नकाशावर आहेत) आणि १४५३ पर्यंत त्याचा वंश टिकवायचा.

नवख्यांचा घात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. वारस मुलगी असेल आणि तिचं साधं लग्न लावलं तर मुलं जावयाच्या कुळाची होतात. तिच्यानंतर गादी त्यांच्याकडे गेली आणि तुमच्या कुळाचा वारस उरला नाही की गेम संपला. म्हणून ‘मॅट्रिलिनियल’ची (मुलं आईच्या कुळाची) खूण न विसरता करा, म्हणजेच घरजावई आणा. मोठ्या राजाचा थोरला मुलगा असा नवरा म्हणून सहसा मिळत नाही, धाकटे मात्र मिळतात. सोळाच्या आतल्या मुलांचा वाङ्निश्चय करता येतो आणि मैत्रीचा करार तेव्हापासूनच लागू होतो.

इथे दोन हेतू एकमेकांना काटतात. करार हवा तर बलाढ्य सासर शोधायचं, रक्त सुधारायचं तर गुण बघायचे. बुद्धीच्या क्विक, इंटेलिजंट, जीनियस अशा पायऱ्या आहेत. आईबाप एकाच पायरीवर असतील तर मूल वरची पायरी गाठू शकतं. ‘कॅरेक्टर फाइंडर’ या माणसं शोधायच्या खिडकीत आनुवंशिक गुणांची चाळणी लावली की परदेशातली निर्धन जीनियस सून सापडते. तिच्यासोबत फौज येत नाही, पण नातवंडं हुशार निघतात. ‘ब्लड लेगसी’ ही घराण्याला मिळणारी कायमची सवलत लवकर घेतली तर हा गुणाकार आणखी जोर धरतो. चांगलं रक्त घरातच राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चुलतभावंडांतच लग्नं लावणाऱ्यांच्या पदरी शेवटी ‘इनब्रेड’ पोर पडतं आणि वंश तिथेच खुंटू शकतो. दर दोन पिढ्यांनी बाहेरचं स्थळ आणलेलं बरं.

मुलगे फार झाले तरी पंचाईतच. सुरुवातीला ‘कॉन्फेडरेट पार्टिशन’ हाच वारसा कायदा बहुतेकांच्या वाट्याला येतो आणि राज्याची वाटणी होते. थोरल्यालाच सगळं देणारा कायदा उत्तरमध्ययुगाचं तंत्र हाती येईपर्यंत मिळत नाही. दोन मुलगे झाल्यावर राजा विधुर झाला तर पंचेचाळिशी उलटलेली, चांगल्या गुणांची बायको करा. कारभाराला तिची मदत होते आणि नवा वाटेकरी येत नाही.

सगळ्यात रंगतदार भाग संशयाचा आहे. राणीचं मूल राजाचं नसेल तर गेम तसं सांगत नाही, पण चेहरा खऱ्या बापावर जातो, म्हणून चित्र निरखून बघा. गुपित फुटलं की त्या पोरावर ‘डिस्प्युटेड हेरिटेज’चा (शंकास्पद वंशाचा) शिक्का बसतो.

कमकुवत बाजू कराराची. मुलगी दिली की बादशहा तुमच्या चिमुकल्या भांडणात फौज घेऊन धावतो. चढाईसाठी बोलावताना मोजावी लागणारी प्रेस्टिज (गेममधलं प्रतिष्ठेचं चलन) त्या मानाने फारच स्वस्त आहे. लग्नानंतर सुनेच्या माहेरच्यांशी नातं उरतं तेही फौजेपुरतंच. शाही लग्नाचा थाट हवा असेल तर ‘टूर्स अँड टूर्नामेंट्स’ हा विस्तार वेगळा विकत घ्यावा लागतो. गेममध्ये मराठी नाही आणि वाचायचा मजकूर भरपूर आहे. तरी मूळ गेम घ्यावा. विस्तार मात्र सगळे एकदम घेऊ नयेत, सवलत लागेल तसे एकेक घ्यावेत.