स्क्रंची: खणाची की सॅटिनची?

भाचीला घरी स्क्रंची, म्हणजे केस बांधायची इलॅस्टिक घातलेली कापडी रबरं, शिवून विकायच्यात, पण तुळशीबागेत कापड बघताना अडली: खण की सॅटिन?

शिवायला खण सोपा, मशीनखाली सरकत नाही. मात्र कडेचे धागे पटकन सुटतात, म्हणून शिलाईला अर्धा इंच सोडाच. सॅटिन फार निसटतं. जाड सुईने धागे ओढले जाऊन चुण्या पडतात, तिथे ११ नंबरची बारीक सुई हवी. खर्चात साधं पॉलिस्टर सॅटिन स्वस्त. खणाचा रंग जाऊ शकतो, कापण्याआधी भिजवून बघावा. टिकणं दोन्हींत इलॅस्टिकवरच. तिथे पैसे वाचवू नयेत.

कुरळ्या, कोरड्या केसांना आणि रात्री बांधायला सॅटिनच, गुंता कमी होतो. सरळ, गुळगुळीत केसांवरून मात्र ते घसरतं, त्यांना खण. सणासुदीला, भेट द्यायलाही खणच.