सरकारी वकील व्हायचंय: गोव्याच्या संचालनालयात की सीबीआयमध्ये?

भाची मिरामारच्या साळगावकर कॉलेजातून वकील झाली. आता विचारते, ‘मामा, गोव्याच्या सरकारी वकिलांसाठीची गोवा लोकसेवा आयोगाची जाहिरात धरू की सीबीआयच्या वकिलांसाठीची यूपीएससीची?’ पगार तिने केव्हाच ताडून पाहिलेत. मी म्हटलं, डोक्यावर साहेब कोण ते पाहिलंस?

गोव्याचं अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलांचं कार्यालय, गृहखात्याखाली. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याचं, कलम 20 लागू आहे. संचालक व्हायला 15 वर्षं वकिली हवी, नाहीतर सेशन जज्ज असायला हवं. 10 वर्षं वा जास्त शिक्षेच्या खटल्यांवर संचालक नजर ठेवतो, 7 ते 10च्या आतल्यांवर उपसंचालक, त्याखालच्यांवर सहाय्यक संचालक. पोलीसही गृहखात्याचेच, पण साहेबांची साखळी वेगळी.

सीबीआयचा अभियोग संचालक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार नेमतं. हुद्दा किमान सहसचिवाचा, मुदत किमान 2 वर्षं. मात्र तो काम करतो सीबीआय संचालकाच्या देखरेखीखाली आणि नियंत्रणात. तपास करणाऱ्यांचा साहेब तोच वकिलांचाही साहेब. ‘या पुराव्यावर आरोपपत्र टिकणार नाही’ असं लिहायला तिथे जरा जास्त छाती लागते, असं माझं मत. कोणी सीबीआयवाला भेटला तर भांडेल.

कामात जमीन-अस्मानाचा फरक. म्हापशाच्या कोर्टात सकाळी हातात फायलींचा गठ्ठा: चोरी, अपघात, मारामारी. साक्षीदार किनाऱ्यावरच्या शॅकचा वेटर, सीझन संपताच गावी गेलेला, समन्स तसंच परत. हजर असलेला पंच फितूर. जेवणाच्या सुट्टीआधी दोन उलटतपासण्या कानांवरून जातात. हात तयार होतो तो इथेच.

सीबीआयकडे खटले कमी, कागद ढीगभर. लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फथॅलीन लावतात. त्या घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते सीलबंद बाटलीतून कोर्टात येतं. ती बाटली पंचनाम्यापासून प्रयोगशाळेपर्यंत कोणाकोणाच्या ताब्यात होती हे सिद्ध करण्यात दिवस जातात.

मी तिला पहिली काही वर्षं म्हापसा सुचवलंय. गोव्याच्या आयोगाला कोकणी सक्तीची, मराठी असली तर बरी. आमच्या घरी दोन्ही. सीबीआयची बदली देशात कुठेही होऊ शकते. हे ताईला मी अजून सांगितलेलं नाही.