कॅमेऱ्यात बॅटरीच नव्हती

सलग 14 ऑडिशन्समध्ये माझं काही झालं नव्हतं. या धंद्यात तोंडावर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. फोन येत नाही, एवढंच. आपण मात्र आवाज मोठा करून फोन उशाशी ठेवतो. पंधराव्या वेळी फोन आला, तोही दुसऱ्याच दिवशी. ‘मॅडम, तुम्ही लॉक झालात. सरांना आता दुसरं कुणी बघायचंच नाही.’

खरं तर ऑडिशनमध्येच सगळं दिसत होतं. एरवी आधी नाव, वय, उंची सांगायला लावतात, मग डावा-उजवा प्रोफाइल. समोर कुणीतरी सपाट आवाजात क्यू, म्हणजे आपल्या आधीचं वाक्य, देतं. एक टेक झाला की ‘हेच जरा न चिडता करा’ असं काहीतरी सांगतात, कारण सूचना झेलता येते का ते त्यांना बघायचं असतं. इथे दोन ओळी बोलते न बोलते तोच ‘वा!’ आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं तळाचं झाकण उघडं, आत बॅटरीच नाही. मला ते दिसलं होतं. वायरवर चालत असेल, म्हटलं. वायरही नव्हती.

मग मागण्या सुरू झाल्या. आधी पोर्टफोलिओ, तोही त्यांच्याच फोटोग्राफरकडून. माझ्या फोटोंत म्हणे ‘तो लुक’ नव्हता. मग कपडेपटाचं डिपॉझिट, शूटिंगच्या पहिल्या दिवशी परत मिळणारं. करार मागितला तर एकाच पानाचा फोटो आला. त्यावर मानधनाचा आकडा ठसठशीत होता, निर्मात्याची सही नव्हती. मी का-कू केली की ठरलेलं वाक्य यायचं, ‘बघा, दुसरी मुलगी वेटिंगला आहे.’

आई म्हणाली, ‘अगं, काम तू करणार आणि पैसेही तूच भरणार?’ तुला यातलं काही कळत नाही, म्हणून मी तिच्यावरच खेकसले.

तिला बरोबर कळलं होतं. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो. एजंटचं कमिशन मिळालेल्या मानधनातून जातं. आणि खरा नकार बहुतेकदा आपल्या हातातलाच नसतो. समोरचा नट आधीच ठरलेला असतो आणि त्याच्याशेजारी आपण थोरल्या दिसतो, की संपलं. या लोकांकडे मात्र प्रत्येक नकाराचं कारण आपल्यातच असतं, आणि त्यावरचा इलाजही तेच विकतात.

शूटिंगच्या आदल्या रात्री नंबर बंद. पत्त्यावर गेले, तर ती खोली तासाच्या भाड्याने मिळणारी निघाली. दारात आणखी एक मुलगी उभी होती. नायिकेच्या बहिणीची भूमिका तिलाही मिळाली होती.

निर्मिती संस्थेचा नंबर स्वतः शोधून आधीच विचारलं असतं, तर एका फोनवर उलगडा झाला असता. ओळखपत्राची प्रतही मी करार होण्याआधीच देऊन बसले. पैशांपेक्षा त्याचीच धास्ती अजून जात नाही.

आणि वर कहर म्हणजे त्याच रात्री लाजेपोटी मी सगळे मेसेज पुसून टाकले. पोलिसांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच. तक्रार शेवटी त्या दुसरीच्या फोनवर उभी राहिली. तिने काही पुसलं नव्हतं.