ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक पंप: नागदेवीची खरेदी

गोराईच्या आमच्या नर्सरीत जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, सिंगल क्लचचा. शेणखत आणि लाल माती भरायला त्याला पुढे लोडर बसवून घेतलाय. हा लोडर ट्रॅक्टरच्या लिफ्टच्याच पंपावर चालायचा, त्यामुळे बकेट वर जाईपर्यंत टेम्पोवाला बिडी ओढून मोकळा. शेवटी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानातून १६ सीसीचा (दर फेऱ्याला १६ सीसी तेल ढकलणारा) वेगळा गिअर पंप घेतला. अख्खा पावसाळा वापरून झालाय, म्हणून लिहिते. पंप चांगलाच आहे, पण खरे पैसे वसूल झाले ते काउंटरमागच्या काकांच्या प्रश्नांमुळे.

त्याच गल्लीत आधी एका दुकानात गेले होते. तिथे काही न विचारता पीटीओवर (ट्रॅक्टरचा अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बसणारा गिअरबॉक्सवाला पंप पुढे ठेवला. "मिनिटाला ४० लिटर, मॅडम, रॉकेट!" इथे काकांचा पहिला प्रश्न, "ताई, सिलिंडर किती बोअरचे?" म्हणजे बकेट उचलणाऱ्या सिलिंडरचा आतला व्यास. दुसरा, "क्लच सिंगल की ड्युअल?" या दुसऱ्या प्रश्नातच सगळं आलं. सिंगल क्लचला पेडल दाबलं की पीटीओही थांबतो. लोडरच्या कामात तर सारखं पुढे-मागे, सारखा क्लच. म्हणजे बकेट अर्ध्यावर असताना पेडल दाबलं की तेल बंद, बकेट तिथेच. ड्युअल क्लच असता तर पीटीओचा पंप मीही घेतला असता, लावायला-काढायला सोपा पडतो. आमच्यासाठी इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून कपलिंग आणि शाफ्टने फिरणारा पंपच बरा.

मग काकांनी बिलाच्या मागे हिशोब मांडला. सिलिंडर दोन, बोअर ६३ मिमी, स्ट्रोक ५०० मिमी. दोन्ही पूर्ण भरायला साधारण ३.१ लिटर तेल. आमच्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला १४ लिटर देत होता, म्हणजे १३ सेकंद. १६ सीसीचा पंप २००० आरपीएमला ३२ लिटर देतो, थोडी गळती धरली तरी सहा-सव्वासहा सेकंदांत काम होतं. "ताकद दाबाची, वेग तेलाचा. तुमचा दाब बरोबर आहे, तेल कमी पडतंय." मग २५ सीसीचाच का नको, असं मी विचारलंच. तर म्हणाले, १५० बारला ३२ लिटर म्हणजे आठ किलोवॅट, नुकसान धरून इंजिनाचे तेरा-एक एचपी जातात. त्याहून मोठा घेतलात तर भरली बकेट उचलताना इंजिन दबेल.

पंप दोन दिशांचे येतात आणि दिशा शाफ्टच्या टोकाकडून बघून ठरते. आमचं इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. पण पुढे बसणाऱ्या पंपाचं तोंड इंजिनाकडे, म्हणून पंप अँटी-क्लॉकवाइज लागतो. उलटा बसवला तर शाफ्टच्या सीलमागे दाब चढतो आणि सील उडतं. काकांनी हे सांगितलंच, शिवाय बॉडीवरच्या बाणावर खडूने खूण करून दिली.

दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या भंगारबाजारात, जुने पंप निम्म्या भावात मिळतात, तोही विचार डोक्यात होता. काकांनी दुकानात पडलेल्या एका जुन्या पंपाच्या सक्शनच्या (तेल आत ओढायच्या) भोकात टॉर्च मारला. आत बॉडीला गिअरच्या दात्यांनी घासून चकचकीत पट्टा पाडला होता, नख अडकेल एवढा. दाबाखाली गिअर सक्शनच्या बाजूला रेटले जातात, त्यामुळे झीज तिथेच दिसते. असा पंप रिकामा छान फिरतो आणि लोड आला की आतल्या आत तेल मागे सोडतो. तिथून दारूखाना डोक्यातून गेला.

बाकी सामान: प्रेशरला अर्ध्या इंचाचा आर-टू होज, म्हणजे आत तारेच्या दोन जाळ्या असलेला (एका जाळीच्या आर-वनची मर्यादा १६० बार, म्हणजे अगदी काठावर), सक्शनला एक इंची तारेचा, दाब जास्त झाला की तेल सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, रिटर्न फिल्टर, ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल. टाकी वेगळी, ४० लिटरची, मुद्दाम. जुन्या सिलिंडरमधला कचरा ट्रॅक्टरच्या गिअरच्या तेलात जायला नको. होज समोरच क्रिम्प करून दिले.

तक्रारी आहेत. पंप बसवायचं ब्रॅकेट दुकानवाले बनवत नाहीत. ते भाईंदरच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं लागलं आणि शाफ्टची रेषा जुळवण्यात त्याने बराच वेळ खाल्ला. हा पंप इंजिनाबरोबर सतत फिरतो, म्हणून लोडरच्या लिव्हरचा व्हॉल्व्ह ओपन सेंटरचाच हवा. लिव्हर सोडलं की तेल दाबाशिवाय टाकीत परत गेलं पाहिजे. आणि टाकीची काच रोज बघायची, कारण तेल संपलं तर पंप रस्त्यात कोरडा फिरून जाम होईल. माणूस विसराळू असेल तर हा पंप त्याच्यासाठी नाही.

दुकानात बसायला जागा नाही, काउंटरवर गर्दी, हातगाड्यांमुळे गल्लीत उभं राहणंही मुश्कील. सकाळी शटर उघडल्यावर लगेच जा, तेव्हा काकांना बोलायला वेळ असतो. जाताना सिलिंडरचं माप आणि पुढच्या पुलीचा फोटो घेऊन जा. पंपाचं बिल जीएसटीचं मागा, वॉरंटी त्यावरच मिळते. माल बोरिवलीपर्यंत टेम्पोने येतो, गोराईपर्यंत आपला आपण आणायचा.